रोममधील कलावंतांचा शेजार

रोम शहराच्या उत्तर भागात, बोर्गेझे उद्यानाच्या उतारावर, वाल्ले जूलिया नावाची एक लहानशी दरी आहे. या दरीलगतच्या एका रस्त्याला महाकवी होमरचे नाव दिलेले आहे. त्या एकाच रस्त्यावर बेल्जियम, हॉलंड, स्वीडन, डेन्मार्क आणि इजिप्त या देशांच्या अकादमी व विद्यागृहे जवळजवळ उभी आहेत. तेथून थोडे चालून गेले की ब्रिटिश स्कूलची भव्य स्तंभांची दर्शनी बाजू दृष्टीस पडते आणि नजीकच्या चौकात रुमानियाची अकादमी लागते. प्रत्येक इमारत आपापल्या देशाच्या मालकीची किंवा आश्रयाची, आणि प्रत्येकीचे दार स्वतंत्र. या घरांतून चित्रकार, शिल्पकार, वास्तुशिल्पज्ञ, पुरातत्त्वज्ञ आणि इतिहासाचे अभ्यासक काही महिने, क्वचित एखाद-दोन वर्षे, येऊन राहतात. त्यांच्या निवासाचा आणि निर्वाहाचा भार त्यांचा देश किंवा त्यांची संस्था उचलते.

इतक्या देशांचे कलावंत इतक्या जवळ राहतात, तेव्हा त्यांची परस्परांशी दाट ओळख असणार, असे कोणालाही वाटेल. पण शेजारी घर असणे आणि शेजार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुंबईतील एखाद्या चाळीत राहिलेल्या माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. रोममधील अकादमींच्या बाबतीत तो विशेष तीव्रतेने जाणवतो. परक्या शहरात आलेला कलावंत आपल्या देशबांधवांबरोबर जेवतो, आपल्या भाषेत बोलतो, आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात बसतो आणि मुदत संपली की परत जातो. भिंतीपलीकडे एखादा डॅनिश शिल्पकार किंवा इजिप्शियन चित्रकार त्याच प्रश्नाशी झुंजत असतो, याची त्याला वार्ताही नसते.

ही भिंत ओलांडण्याचा एक साधा मार्ग २००३ मध्ये रुमानियाच्या अकादमीने काढला. तिने आपल्या इमारतीत एक सामूहिक प्रदर्शन भरविले आणि त्यात रोममधील इतर परदेशी अकादमींत राहणाऱ्या कलावंतांना आपल्या कृती मांडण्यास बोलाविले. प्रदर्शनाचे नाव ‘स्पात्सी आपेर्ती’, म्हणजे ‘खुल्या जागा’. पुढे ते वर्षानुवर्षे भरत गेले आणि २०१२ मध्ये त्याची दहावी आवृत्ती झाली. या प्रदर्शनाचे महत्त्व काय, हे नीट समजून घ्यावयाचे झाल्यास रोममधील या कलावंत-निवासांचा इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. हे निवास कलावंतांच्या सोयीसाठी निघाले खरे. परंतु त्यांच्याबरोबर कुंपणेही आली, आणि ती कशी आली हेच या कथेचे मर्म आहे.

रोमला जाणे हा युरोपातील कलावंतांचा जुना परिपाठ होता. प्राचीन रोमन शिल्पे, मायकेलॲंजेलो आणि राफाएल यांची चित्रे ही डोळ्यांनी पाहिल्यावाचून कलाशिक्षण पुरे होत नाही, अशी श्रद्धा होती. सतराव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडून, विशेषतः हॉलंड आणि फ्लँडर्स या प्रदेशांतून, अनेक तरुण चित्रकार रोममध्ये येऊन राहिले. त्यांना कोणत्याही राजाचे पाठबळ नव्हते. सुमारे १६२० च्या सुमारास त्यांनी आपली एक मंडळी स्थापन केली. तिचे नाव होते ‘बेंटव्हुगेल्स’, म्हणजे एका थव्याचे पक्षी. मंडळीत नव्याने येणाऱ्यास एक टोपणनाव मिळे. पीटर फान लार या चित्रकाराला त्यांनी ‘बांबोच्चो’ असे नाव दिले आणि त्याच नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. दीक्षेचा समारंभ म्हणजे खाण्यापिण्याचा मोठा जल्लोष असे. तो आटोपला की सारी मंडळी सांता कोस्तांझा या प्राचीन इमारतीत जाऊन तेथील दगडी शवपेटीला मद्यदेवतेची समाधी समजून वंदन करीत. त्यांनी तेथे कोरून ठेवलेली नावे आजही वाचता येतात. या गोंगाटाला कंटाळून पोपने १७२० मध्ये त्यावर बंदी घातली. ती मंडळी बेशिस्त होती यात शंका नाही. पण तिच्यात कुंपण नव्हते. एकाच्या घरी दुसरा जाई, एकाचे रेखाटन दुसरा पाही, आणि भांडणेही समोरासमोर होत.

याच्या अगदी उलट व्यवस्था फ्रान्सच्या चौदाव्या लुईने केली. त्याचा मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने १६६६ मध्ये रोममध्ये फ्रेंच अकादमी स्थापन झाली. प्रारंभी तेथे बारा तरुणांची सोय होती. त्यांत सहा चित्रकार, चार शिल्पकार आणि दोन वास्तुशिल्पज्ञ होते. राजाच्या खर्चाने त्यांना राहणे, जेवणे आणि शिकणे मिळे. मोबदल्यात त्यांनी प्राचीन शिल्पांच्या आणि थोर चित्रांच्या प्रतिकृती करून राजाच्या प्रासादांसाठी पाठवाव्यात, अशी अट होती. पुढे ‘प्री द रोम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेतील विजेत्यांना येथे पाठविण्याची प्रथा रूढ झाली. १८०३ मध्ये अकादमी पिंचो टेकडीवरील व्हिला मेदिची या प्रासादात गेली आणि आजही ती तेथेच आहे.

कलावंताला निर्वेधपणे काम करता यावे म्हणून काही काळ घर आणि वेतन देण्याची जी पद्धत आज जगभर आढळते, तिचा एक मोठा उगम या फ्रेंच अकादमीत सापडतो. तिचे फळ थोर आहे. दाव्हिद आणि आंग्र यांच्यासारखे चित्रकार या मार्गाने रोमला आले. पण तिची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. स्पर्धेत १९०३ पर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. पहिली विजेती स्त्री म्हणजे शिल्पकार ल्युसियेन हेव्हेलमान्स, आणि तिला हा मान १९११ मध्ये मिळाला. संगीतकार द्यबुसी १८८५ मध्ये विजेता म्हणून व्हिला मेदिचीत आला, पण तेथील वातावरणात त्याचा जीव रमला नाही. उत्तम बाग, उत्तम दृश्य आणि निश्चित वेतन असूनही मन गुदमरू शकते, कारण तेथे राहणारा प्रत्येकजण एकाच देशाचा, एकाच स्पर्धेतून आलेला आणि एकाच परीक्षकमंडळाकडे डोळे लावून बसलेला असे. ही स्पर्धा अखेर १९६८ मध्ये बंद करण्यात आली. अकादमी मात्र निराळ्या पद्धतीने चालू राहिली.

राजाश्रयावाचून एकत्र येण्याचा आणखी एक प्रयोग मधल्या काळात झाला. व्हिएन्नामधील कलाशाळेला कंटाळलेले ओव्हरबेक आणि प्फोर हे दोन तरुण जर्मन चित्रकार आपल्या सोबत्यांसह १८१० मध्ये रोमला आले आणि सांत इसिदोरो नावाच्या रिकाम्या मठात राहू लागले. दिवसा ज्याने त्याने आपापल्या खोलीत काम करावे आणि संध्याकाळी सर्वांनी एकत्र येऊन चित्रे काढावीत, असा त्यांचा क्रम होता. लोक त्यांना थट्टेने ‘नाझारेन’ म्हणत. पुढे प्रशियाचा वकील बार्थोल्डी याने आपल्या निवासस्थानातील एका दालनाच्या भिंती रंगविण्याचे काम या मंडळींकडे सोपविले. ओव्हरबेक, कोर्नेलिउस, शाडो आणि फाइट या चौघांनी १८१६ व १८१७ या वर्षांत मिळून तेथे बायबलमधील योसेफाची कथा रंगविली. ही भित्तिचित्रे पुढे भिंतीवरून उतरवून बर्लिनला नेण्यात आली आणि आज ती तेथील राष्ट्रीय चित्रशाळेत पाहावयास मिळतात. एका दालनात चौघांनी काम केले, म्हणून प्रत्येकाचे वैशिष्ट्य पुसले गेले असे मात्र झाले नाही. उलट एकाच्या शेजारी दुसरा असल्यामुळेच प्रत्येकाचा हात ओळखता येतो. सामूहिक प्रदर्शनाचा जो गुण पुढे सांगावयाचा आहे, तो येथे बीजरूपाने दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राष्ट्राराष्ट्रांतील चढाओढ वाढली आणि प्रत्येक देशाला रोममध्ये आपले घर असावेसे वाटू लागले. स्पेनने १८७३ मध्ये अकादमी स्थापन केली. जानिकुलम टेकडीवर, ब्रामान्तेच्या सुप्रसिद्ध वर्तुळाकार मंदिराशेजारी, तिचे वास्तव्य आहे. वास्तुशिल्पज्ञ मॅकिम याच्या पुढाकाराने १८९४ मध्ये अमेरिकन संस्थेचा पाया घातला गेला. ब्रिटिश स्कूल १९०१ मध्ये, प्रथम पुरातत्त्वाच्या अभ्यासासाठी, सुरू झाले. एडुआर्ड आर्नहोल्ड या बर्लिनच्या ज्यू उद्योगपतीने १९१० मध्ये जर्मन कलावंतांसाठी व्हिला मास्सिमोचा पाया घातला आणि ती वास्तू प्रशियाच्या शासनाला अर्पण केली.

वाल्ले जूलियाला तिचे आजचे रूप मिळाले ते १९११ साली. इटलीच्या राज्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणून त्या वर्षी रोममध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्याचा कलाविभाग या दरीत होता आणि अनेक देशांनी तेथे आपापली दालने उभारली होती. ब्रिटनच्या दालनाचा आराखडा एडविन लट्येन्स याने केला होता. लंडनच्या सेंट पॉल प्रार्थनामंदिराच्या पश्चिम दर्शनी भागाच्या वरच्या मजल्याचे रूप त्याने आधाराला घेतले. हाच लट्येन्स पुढे नवी दिल्लीचा शिल्पी म्हणून भारताला परिचित झाला. प्रदर्शन संपल्यावर रोमचे नगराध्यक्ष एर्नेस्तो नाथान यांनी ती जागा ब्रिटिशांना विद्यागृहासाठी देऊ केली. तात्पुरत्या दालनाच्या जागी पक्की इमारत उभी राहिली आणि १९१६ मध्ये ब्रिटिश स्कूल तेथे राहावयास गेले. कालांतराने इतर देशही याच परिसरात आले. म्हणजे एका प्रदर्शनाच्या दालनांतूनच राष्ट्रांच्या या वसाहतीचा आरंभ झाला. पण प्रदर्शनात एका दालनातून दुसऱ्या दालनात प्रेक्षक सहज जात असे. दालनांची विद्यागृहे झाली तेव्हा ती ये-जा थांबली. त्यात दोन महायुद्धे आली. एकाच शहरात शेजारी राहणारे देश परस्परांचे शत्रू ठरले. व्हिला मास्सिमो दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या हातून गेली आणि ती १९५६ मध्ये परत मिळाली.

रुमानियाचे घर या मालिकेत उशिरा आले. पहिल्या महायुद्धानंतर विस्तार पावलेल्या या देशाने १९२० मध्ये कायदा करून परदेशांत आपली विद्यागृहे काढण्याचे ठरविले. रोममधील विद्यागृह १९२२ मध्ये सुरू झाले आणि पुरातत्त्वज्ञ वासिले पर्वान हे त्याचे पहिले संचालक झाले. काळ्या समुद्राच्या काठी हिस्त्रिया या प्राचीन ग्रीक वसाहतीचे उत्खनन करणारे पंडित म्हणून त्यांची ख्याती होती. रुमानियाची भाषा लॅटिनपासून निघालेली. तेव्हा रोमला जाणे म्हणजे त्या देशाच्या दृष्टीने आपल्या आजोळी जाण्यासारखे होते. वाल्ले जूलियातील आजची इमारत वास्तुशिल्पज्ञ पेत्रे आंतोनेस्कू यांच्या आराखड्यानुसार १९३० नंतरच्या काही वर्षांत बांधली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर रुमानियात कम्युनिस्ट राजवट आली आणि या विद्यागृहाचे कार्य खंडित झाले. चार दशकांहून अधिक काळ तेथील तरुण चित्रकाराला रोमची वाट बंद होती. इमारत जागेवर होती, पण जिच्यासाठी ती बांधली ती परंपरा थांबली होती. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळल्यावर अकादमीला पुन्हा चालना मिळाली आणि पर्वान यांच्या नावाची शिष्यवृत्ती घेऊन तरुण अभ्यासक व कलावंत पुन्हा रोमला येऊ लागले. ज्या घराचे दार इतकी वर्षे बंद राहिले, त्याच घराने शेजाऱ्यांसाठी आपली दालने उघडावीत, या गोष्टीला एक वेगळा अर्थ प्राप्त होतो. ‘खुल्या जागा’ हे नाव इतर कोणी घेतले असते तर ते केवळ सोयीचे ठरले असते. रुमानियाच्या बाबतीत त्या नावामागे चाळीस वर्षांचा इतिहास उभा आहे.

या प्रदर्शनाची रचना तशी सरळ आहे. वेगवेगळ्या अकादमींत आणि सांस्कृतिक संस्थांत त्या वर्षी राहणारे दृश्यकलावंत आपली एखादी कृती घेऊन येतात आणि ती रुमानियन अकादमीच्या वास्तूत मांडतात. चित्रे, शिल्पे, छायाचित्रे, चलत्चित्रे, मांडणशिल्पे असे सर्व प्रकार त्यात सामावतात. येथे कोणत्याही एका देशाचे दालन नसते. एका देशाच्या चित्राशेजारी दुसऱ्या देशाचे शिल्प येते आणि यजमान देशाचे कलावंतही त्याच रांगेत उभे राहतात. १९११ च्या प्रदर्शनात देशाप्रमाणे दालने होती. येथे तीच राष्ट्रे, पण दालनांच्या भिंती वगळून, पुन्हा एकत्र येतात.

अशा प्रदर्शनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही. चित्रप्रदर्शनाला काहीतरी सूत्र असावे, एखादा विचार असावा. केवळ एका शहरात योगायोगाने राहणाऱ्यांच्या कृती एकत्र ठेवल्या तर त्याला जत्रेचे स्वरूप येईल, असे टीकाकार म्हणतात. शिवाय निवासाची मुदत थोडी, त्यामुळे पुष्कळदा कृती पूर्णतेला पोचलेली नसते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि एखाद्या चित्रकाराचे आयुष्यभराचे काम मांडणाऱ्या संग्रहालयाच्या प्रदर्शनाशी याची तुलना केली तर ते उणे ठरेल. परंतु दोहोंचा हेतूच निराळा आहे. संग्रहालयातील प्रदर्शन मुख्यतः प्रेक्षकासाठी असते. निवासी कलावंतांचे सामूहिक प्रदर्शन प्रेक्षकाइतकेच स्वतः कलावंतांसाठी असते. आपली अर्धवट कृती शेजारच्या अनोळखी माणसाच्या कृतीजवळ ठेवल्यावर तिच्यातील उणीव जशी डोळ्यांत भरते, तशी ती स्वतःच्या खोलीत कधीच भरत नाही. ते सूत्र आधी कागदावर लिहून काढता येत नाही. कृती शेजारी शेजारी आल्यावर ते कधी दिसते, कधी दिसतही नाही. दिसले नाही तरी ओळख होते, आणि ओळख हीच या उपक्रमाची मूळ गरज आहे.

महाराष्ट्रीय वाचकाला यासाठी आषाढी वारीचे उदाहरण चटकन पटेल. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची, देहूहून तुकाराम महाराजांची, आणि इतर गावांहून इतर संतांची पालखी निघते. प्रत्येक दिंडीचा वीणेकरी वेगळा, चोपदार वेगळा, मुक्कामाची ठिकाणे ठरलेली. कोणी आपली दिंडी सोडून दुसरीत मिसळत नाही. तथापि पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला या पालख्या एकत्र येतात, आणि तेथे जमलेल्या माणसाला आपण एका दिंडीपेक्षा मोठ्या मेळ्याचे आहोत याची प्रचीती येते. दिंड्या मोडून टाकल्या असत्या तर वारीची शिस्तच उरली नसती. आणि वाखरी नसती तर प्रत्येक दिंडी आपल्यापुरतीच राहिली असती. रोममधील अकादमींनाही दोन्हींची गरज आहे. आपापल्या देशाचा आश्रय मोडून काढणे हा उपाय नव्हे, कारण त्या आश्रयावाचून पुष्कळांना रोमचे दर्शनही घडणार नाही. कोठेतरी एक वाखरी असावी, एवढेच पुरे.

पाहुणा म्हणून गेलेल्या कलावंताचे पुढे काय होते, याचे उदाहरण शोधण्यासाठी मात्र रोमपर्यंत जावयास नको. इंदूरला १९१० मध्ये जन्मलेले चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे १९४५ मध्ये शांतिनिकेतनात निवासी कलावंत म्हणून राहिले. तेथे नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांचा सहवास त्यांना लाभला. इंदूर आणि मुंबई येथे कलाशिक्षण घेतलेल्या या मराठी चित्रकाराने पूर्वेकडील एका निराळ्या कलापरंपरेशी जवळून परिचय करून घेतला. १९५० मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात ललितकलेची विद्याशाखा निघाली तेव्हा बेंद्रे तेथे चित्रकला विभागात गेले. त्यांच्या भोवती जमलेल्या तरुणांतून १९५६ मध्ये ‘बडोदा ग्रूप ऑफ आर्टिस्ट्स’ हा चित्रकारांचा समूह उभा राहिला आणि सामूहिक प्रदर्शने करू लागला. बेंद्रे यांचे विद्यार्थी ज्योती भट्ट पुढे १९६१-६२ मध्ये इटलीतील नेपल्सच्या कला-अकादमीत शिकून आले. इंदूर, शांतिनिकेतन, बडोदे आणि नेपल्स ही चार गावे एका धाग्यात आली ती काही माणसे आपले घर सोडून थोडे दिवस दुसऱ्याच्या घरी राहिली म्हणून. बेंद्रे शांतिनिकेतनात केवळ अतिथिगृहाच्या खोलीत बसून राहिले असते तर त्या वास्तव्याचा असा उपयोग झाला नसता.

भारतातही कलावंत-निवासांची संख्या आता वाढली आहे. मद्रासजवळ १९६६ मध्ये के. सी. एस. पणिक्कर यांच्या प्रेरणेने चोळमंडल हे कलावंतांचे गाव वसले. १९९७ मध्ये दिल्लीजवळील मोदीनगर येथे ‘खोज’ या कलावंतांच्या संस्थेने देशोदेशींच्या कलावंतांची कार्यशाळा भरविली, आणि तिच्यातून पुढे नियमित निवासाची सोय निर्माण झाली. अशा संस्था वाढणे निःसंशय चांगले. पण त्यांची संख्या वाढली की रोमचाच प्रश्न येथेही उभा राहतो. प्रत्येक संस्थेचा अर्ज वेगळा, निवडसमिती वेगळी, शेवटच्या दिवशीचे प्रदर्शन आपापल्या अंगणात. एका निवासातील कलावंताला दुसऱ्या निवासातील कलावंताचे काम कळावे अशी योजना त्या त्या संस्थेच्या नियमांत आपोआप येत नाही. ती कोणीतरी मुद्दाम करावी लागते, आणि त्यासाठी मोठा निधी लागतोच असे नाही.

रुमानियाची अकादमी ही रोममधील परदेशी अकादमींपैकी सर्वांत जुनी नव्हे की सर्वांत संपन्नही नव्हे. व्हिला मेदिचीची बाग तिच्याजवळ नाही, अमेरिकन अकादमीचे द्रव्यबळ नाही. तरीही शेजाऱ्यांना एकत्र बोलाविण्याचे काम तिने अंगावर घेतले. त्यासाठी काही मोकळ्या भिंती, थोडी जागा आणि निमंत्रण एवढेच तिला द्यावे लागले. निवासाची मुदत संपली की हे कलावंत आपापल्या देशी परततात आणि त्यांच्या खोल्यांत नवी माणसे येतात. परतणाऱ्याच्या सामानात रोमची रेखाटने तर असतातच. त्यांबरोबर होमरच्या रस्त्यावरील एखाद्या शेजाऱ्याचे नाव आणि पत्ताही असला, तर त्या वास्तव्याचे सार्थक झाले असे म्हणावयास हरकत नाही.